गोव्यात स्वतःचं घर बांधायचंय? कोणता पैसा कधी सोडायचा ते आधी ठरवा

प्लॉट घेतला किंवा वाटणीत मिळाला की पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, "सध्या स्क्वेअर फुटाला काय रेट चाललाय?" माझं म्हणणं आहे की हा प्रश्न चौथा किंवा पाचवा विचारा. आमचं घर फोंडा तालुक्यात बांधून झालं, त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फायली बघितल्या, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बजेट बिघडलं ते पैसे चुकीच्या वेळी सोडल्यामुळे. सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा कलेक्टरचा कागद) यायच्या आधी कंपाऊंड घातलं, बांधकामाचं लायसन्स यायच्या आधी कॉन्ट्रॅक्टरला मोठा ॲडव्हान्स दिला, मे महिन्यात पाया खणायला घेतला. म्हणून नियम एकच धरून चला, पुढचा कागद हातात आल्याशिवाय पुढचा मोठा खर्च करायचा नाही.

हे सगळं स्वतःच्या प्लॉटवर राहण्यासाठी शंभर-दीडशे चौरस मीटरचं घर बांधणाऱ्यांसाठी आहे. फ्लॅट किंवा बिल्डरचा व्हिला घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

१. जमीन कोणाची आहे ते आधी बघा

एक-चौदाचा उतारा काढा, म्हणजे गोव्यातला सातबारा. सरकारच्या गोवा ऑनलाईन पोर्टलवर मिळतो. शहरी भागात असाल तर फॉर्म डी, त्यात चलता नंबर आणि पीटी शीट नंबर (शहर सर्वेतले मिळकतीचे क्रमांक) असतो. उताऱ्यावर विकणाऱ्याचं नाव दिसलं की लोक निर्धास्त होतात, पण एक-चौदावर नाव असणं हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यामागचं सेल डीड, गिफ्ट डीड किंवा वारसाहक्काचे कागद लागतात. जुनी मिळकत असेल तर पोर्तुगीज काळातलं डिस्क्रिप्शन (मिळकतीचं वर्णन), इन्स्क्रिप्शन (मालकाची नोंद) आणि मॅट्रिझ (महसुली नोंद) पण लागतं, आणि ते वाचणारा वकील लागतो. २०२२ मध्ये सरकारला जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली होती, आणि त्यात जुन्या कागदांच्या बनावटगिरीची प्रकरणं बाहेर आली. त्यामुळे वकिलाची फी वाचवायची ही जागाच नव्हे.

उताऱ्यावर तीन गोष्टी बोट ठेवून बघा:

- कुळाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे का. कूळकायद्याने कुळाकडे गेलेली जमीन १९९१ च्या जमीन वापर कायद्यानुसार शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, मग समोरचा कितीही स्वस्तात देत असला तरी.
- इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय. प्लॉटात किंवा कडेला मुंडकाराचं (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण आहे.
- किती सहमालक आहेत. आणि इथेच गोव्याबाहेरून आलेले लोक सगळ्यात जास्त फसतात.

आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. नवरा-बायकोची मालमत्ता बहुतेक वेळा सामायिक धरली जाते, त्यामुळे भावाने जमीन विकली तर वहिनीची सही लागते, बहिणीचा वाटा असेल तर बहिणीबरोबर भावोजींचीही. समजा डीडवर तिन्ही भावांच्या सह्या आहेत, सगळं नीट दिसतंय, आणि सावंतवाडीला दिलेल्या बहिणीची आणि तिच्या नवऱ्याची सही कोणी घेतलीच नाही. हे तेव्हा उघडं पडतं जेव्हा बँकेचा वकील टायटल रिपोर्ट बनवतो, म्हणजे तुमचे पैसे जाऊन झाल्यावर. मूळ मालक वारला असेल तर इन्व्हेंटरी (कोर्टातली वारसांची वाटणी) झालीय का किंवा वारसदारांचं डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण ते ठरवणारा दस्त) झालंय का ते विचारा, आणि वारसांची पूर्ण यादी जोडीदारांसकट लिहून घ्या.

सर्वे नंबरातला तुकडाच विकत घेत असाल तर त्या तुकड्याला टीसीपीची (नगर नियोजन खात्याची) सबडिव्हिजन मंजुरी आहे का ते बघा. आणि प्लॉट पाडून विकणाऱ्या प्रोजेक्टची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याला गोवा रेराचं (बांधकाम प्रकल्पांवरच्या प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन लागतं, तो नंबर मागा.

या टप्प्यावर खर्च फक्त वकील, पेपरातली जाहीर नोटीस आणि सब-रजिस्ट्रारकडचा बोजा नसल्याचा दाखला एवढाच. जमिनीची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, ते विसरू नका. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन फी किमतीच्या स्लॅबप्रमाणे लागते आणि ही रक्कम बँक लोनमध्ये धरत नाही, ती खिशातूनच जाते.

२. झोन आणि सनद

टीसीपीकडून झोनिंग सर्टिफिकेट घ्या. गावात रिजनल प्लॅन २०२१ बघतात, पणजी-मडगाव-वास्को अशा पीडीएच्या (शहरी विकास प्राधिकरणाच्या) भागात ओडीपी, म्हणजे त्या शहराचा विकास आराखडा. सेटलमेंट (वस्तीचा) झोन असेल तर पुढे जा. ऑर्चर्ड, कल्टिव्हेबल, नॅचरल कव्हर असं काही असेल तर दलाल सांगणार, "काय नाय हो, १७(२) खाली नायतर ३९ए खाली झोन बदलून घेऊ." टीसीपी कायद्याच्या या दोन्ही कलमांवर मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठात याचिका झालेल्या आहेत. राहतं घर बांधणाऱ्या माणसाने आयुष्याची कमाई अशा जागेत घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जागेवर उभं राहून पण बघा. उतार जास्त असेल, डोंगर कापावा लागणार असेल किंवा सखल जागेत भराव टाकावा लागणार असेल तर टीसीपी कायद्याच्या १७ए कलमाखाली वेगळी परवानगी लागते, आणि २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतार रिजनल प्लॅनमध्ये संवेदनशील धरलाय. नदी, खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीचे बांधकाम नियम, तपासा. समुद्र लांब आहे म्हणून सीआरझेड नाही असं समजू नका, मांडवी-जुवारीत भरतीचं पाणी बरंच आत येतं आणि नियम त्या पाण्याबरोबर आत येतात. नारळ, आंबा, फणस काही तोडायचं असेल तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी. विहीर किंवा बोअरवेल मारायची तर भूजल कायद्याखाली.

मग सनद. झोन सेटलमेंट आहे म्हणजे जमीन आपोआप बिगरशेती झाली असं होत नाही, कलेक्टरकडून रूपांतराची सनद घ्यावीच लागते आणि त्याची फी चौरस मीटरवर असते. त्यात मामलेदार, टीसीपी, वनखातं यांचे रिपोर्ट आणि सर्वेची मोजणी असते, त्यामुळे वेळ लागतो. जुन्या प्लॉटला कधी कधी सनद आधीच झालेली असते, विकणाऱ्याकडे मूळ प्रत मागा आणि तिच्यावरचा प्लॅन तुमच्याच तुकड्याचा आहे ना ते ताडून बघा.

३. किती मोठं घर बसतं आणि किती मोठं हवं

एफएआर म्हणजे प्लॉटच्या किती टक्के बांधकाम करता येतं. समजा प्लॉट ३०० चौरस मीटर आणि एफएआर ६०, तर सगळे मजले मिळून १८० चौरस मीटर. त्याशिवाय कव्हरेजची (प्लॉटचा किती भाग घराने व्यापता येतो त्याची) मर्यादा, रस्त्यापासून आणि शेजाऱ्यापासून सोडायची जागा. हे आर्किटेक्ट करून देतो.

पण बसतंय म्हणून तेवढं बांधायचं असं नाही. मुलं पुण्याला-बंगळूरला, घरात म्हातारा-म्हातारी दोघंच आणि वर चार खोल्या बंद, अशी घरं प्रत्येक वाड्यावर दिसतील. खालचा मजला पूर्ण करा, पाया आणि कॉलम वरच्या मजल्याच्या हिशोबाने घ्या, जिना ठेवा, आणि वरचं पुढे बघा. तसं करायचं असेल तर ड्रॉइंगमध्ये दोन्ही मजले आधीच दाखवून मंजुरी घेणं चांगलं, फक्त लायसन्सची मुदत लक्षात ठेवा, पुढे नूतनीकरण करावं लागतं.

४. बजेट: रेटच्या बाहेर काय राहतं ते लिहा

आता तो रेटचा प्रश्न. एक उदाहरण धरू. घर १२० चौरस मीटर, म्हणजे साधारण १,२९२ चौरस फूट. समजा कॉन्ट्रॅक्टर २,५०० रुपये फूट म्हणाला, तर झाले सुमारे ३२ लाख ३० हजार. इथे आपण थांबतो आणि बँकेत जातो. थांबू नका, एक कागद घ्या आणि यात काय नाही ते लिहा: कंपाऊंड, गेट, विहीर किंवा बोअर, पंप, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि सोकपिट (शोषखड्डा), अंगणातली फरशी, किचनचं फर्निचर, खिडक्यांचे ग्रिल, पंखे-दिवे, प्लॉटपर्यंत ट्रक जायला वाट नसेल तर हाताने माल वाहायची मजुरी, बांधकामाचं तात्पुरतं वीज कनेक्शन, एप्रिल-मेमधले टँकर, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरची फी, लायसन्स फी, इन्फ्रास्ट्रक्चर टॅक्स, आणि बांधकाम खर्च ५० लाखांच्या वर असला की (नोव्हेंबर २०२५ आधी ही मर्यादा १० लाख होती) कामगार कल्याणाचा १ टक्का सेस. भाड्याने राहत असाल तर तेवढ्या महिन्यांचं भाडं पण याच कागदावर. हे सगळं लिहून झालं की बेरजेवर १० ते १५ टक्के वर ठेवा आणि त्या पैशाला हात लावू नका, टाईल्स महाग आवडल्या म्हणून तर अजिबात नाही.

उतारावरची किंवा भरावाची जागा असेल तर पायाचा खर्च नेहमीच्या अंदाजात बसत नाही. दोन-तीन ठिकाणी खड्डे मारून खाली काय लागतं ते बघून घ्या. काही ठिकाणी हातभर खाली जांभा लागतो आणि काम सोपं होतं, काही ठिकाणी चिकणमाती लागत राहते.

लोनबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत, त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत. ही वरची मर्यादा झाली, बँक कमीही देऊ शकते. आणि पैसे एकदम मिळत नाहीत, काम जेवढं वर येईल तसे हप्ते सुटतात, म्हणजे प्लिंथपर्यंतचा (जोत्यापर्यंतचा) पैसा तुमच्याकडे रोख असायला हवा. जुनी करपद्धत घेत असाल तर व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट आहे, पण लोन घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण झालं पाहिजे.

५. परवानग्यांचा क्रम

पहिली टीसीपीची टेक्निकल क्लिअरन्स, किंवा पीडीएच्या भागात पीडीएची परवानगी. मग प्राथमिक आरोग्य केंद्राची एनओसी, तिथे सेप्टिक टँक-सोकपिट आणि विहिरीतलं अंतर बघतात, तुमचीच नाही तर शेजाऱ्याची विहीर पण, साधारण १५ मीटर धरून चला. मग पंचायतीचं किंवा नगरपालिकेचं कन्स्ट्रक्शन लायसन्स.

फायलीत हे तयार ठेवा, प्रत्येकी तीन-चार प्रती:

- सेल डीड आणि मागचे मालकीचे कागद
- एक-चौदा किंवा फॉर्म डी, नवीन तारखेचा
- सर्वे प्लॅन
- झोनिंग सर्टिफिकेट, सनद
- नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनीअरच्या सहीचे प्लॅन
- स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट, खर्चाचं एस्टिमेट
- ओळखपत्रं, आणि सहमालक असतील तर त्यांचं संमतिपत्र

पंचायतीत फाईल दिली की इनवर्ड नंबर घ्याच. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी शिक्का मारून घ्या, तारीख त्यावरूनच मोजली जाते. आणि मंजूर प्लॅनमध्ये बदल करायचा असेल तर आधी रिवाइज्ड प्लॅन द्या. बाल्कनी दोन फूट पुढे घेऊया, कोण बघतंय, असं मेस्त (गवंडी) म्हणेल, पण शेवटी ऑक्युपन्सीला (घर वापरायच्या दाखल्याला) अडकणार तुम्ही.

६. पावसाळ्याचं कॅलेंडर

वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या राज्यात घराचं वेळापत्रक पावसालाच विचारून बनवावं लागतं. माझ्या मते बरोबर क्रम असा: पावसाळ्यात परवानग्या आणि कोटेशनं, चवथ (गणेशचतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की ऑक्टोबरात पाया, डिसेंबरपर्यंत प्लिंथ आणि भिंती वर, फेब्रुवारी-मार्चमध्ये स्लॅब, मेच्या आत छप्पर आणि बाहेरचा गिलावा. मग पावसात आतलं प्लास्टर, वायरिंग, फरशी आरामात होते. खर्च अंगावर येऊ नये म्हणून हळू बांधणार असाल तर प्लिंथला किंवा स्लॅबला थांबा, अर्ध्या भिंती उघड्या ठेवून पावसाळा काढू नका, आणि उभ्या ठेवलेल्या सळ्यांना सिमेंटचा लेप द्या, नाहीतर पुढच्या वर्षी गंज घासायची मजुरी वेगळी.

देवाला कौल लावून, मुहूर्त काढून पायाची पूजा करतात, ते अगदी करावं, पण भटजींना आधीच सांगा की ऑक्टोबरनंतरचा मुहूर्त बघा. "येत्या चवथीला गणपती नवीन घरात" ही तारीख सगळ्यांनाच हवी असते आणि त्या घाईत ओल्या प्लास्टरवर रंग मारला जातो. तो पुढच्या पावसात पापुद्रे सोडतो.

७. कॉन्ट्रॅक्टर आणि करार

दोन पद्धती आहेत. मालासकट, किंवा फक्त मजुरी आणि माल आपला. रोज साईटवर जाणारा कोणी घरात असेल तर दुसरी पद्धत स्वस्त पडते, आणि एकट्या राहत्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कंत्राटावर जीएसटी लागत नाही. नोकरी करून शनिवार-रविवारी फेरी मारणाऱ्याने मालासकटच द्यावं, नाहीतर सिमेंटच्या गोणींचा हिशोब कधीच लागणार नाही. मालासकट कोटेशन घेताना जीएसटी धरून की वेगळा ते लेखी घ्या. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्के झालाय, जुना रेट लावून कोणी कोटेशन दिलं असेल तर बोला.

निदान तीन कोटेशनं घ्या आणि तिघांना एकच ड्रॉइंग, एकच आयटमवार यादी द्या. तशी यादी न देता घेतलेले रेट एकमेकांशी ताडता येत नाहीत, एकाने चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत धरलेली असते, दुसऱ्याने ब्लॉकची. टाईल्सचा बेसिक रेट, सळ्यांचा ग्रेड, वायरची कंपनी, दाराचं लाकूड, सगळं करारात हवं. "सगळं आलं यात" हे वाक्य करारात चालत नाही.

पैसे असे सोडा, थोडं इकडेतिकडे चालेल:

- सुरुवातीला १० टक्के
- प्लिंथ झाल्यावर १५
- भिंती लिंटलपर्यंत (दार-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत) आल्या की १५
- स्लॅब झाल्यावर २५
- प्लास्टर झाल्यावर १५
- फरशी, प्लंबिंग, वायरिंग झाल्यावर १०
- ताबा देताना ५
- राखून ठेवलेले ५

काम पुढे आणि पैसे मागे असंच राहिलं पाहिजे. "मजुरांना गावाला जायचंय, थोडे सोडा" ही विनंती येणारच, कामगार बहुतेक परराज्यातले असतात आणि सणाला, निवडणुकीला, पेरणीला जातात. त्यांच्या मजुरीचे तेवढे पैसे जरूर द्या, पण झालेल्या कामाच्या पावतीत लिहून.

८. साईटवर काय बघायचं

चिऱ्याचा ट्रक आला की उतरवायच्या आधी दोन चिरे घ्या आणि एकमेकांवर आपटा. चांगला चिरा खणखणीत वाजतो, कोपरे शाबूत राहतात. ठसठस आवाज आला, किंवा भोकांत पांढरी-पिवळी मऊ माती भरलेली दिसली आणि ती नखाने निघाली, तर तो ट्रक परत पाठवा. भिंतीत गेल्यावर ती माती पावसात विरघळते आणि तिथून ओल येते. लागणारे चिरे मेच्या आधी आणून ठेवा, पावसात खाणी बंद आणि भाव वर.

रेती नदीची की एम-सँड (दगड भरडून केलेली), कुठलीही असो, मुठीत घेऊन चोळा, तळहाताला चिखल राहता कामा नये. समुद्राची किंवा खारी रेती स्लॅबला अजिबात नको, मिठाने सळ्या गंजतात. किनाऱ्याजवळ घर असेल तर सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर इंजिनीअरने दिलंय तेवढंच राहतंय का ते स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी स्वतः टेप लावून बघा, सळ्या फळ्यांना टेकलेल्या असतील तर कव्हर ब्लॉक घालायला लावा. स्लॅबच्या दिवशी हे बघायला वेळ नसतो, मिक्सर चालू झाला की सगळे घाईत.

पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १० दिवस. मार्चच्या उन्हात स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी साठवून ठेवलेलं बरं. स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस राहू द्या. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसरीकडे हव्या असतात म्हणून तो लवकर काढायला येतो, इंजिनीअर हो म्हणेपर्यंत हात लावू देऊ नका.

वाळवीचं ट्रीटमेंट पायातच करून घ्या. खिडक्यांवर छज्जा ठेवा, आजकाल डब्यासारखी गुळगुळीत घरं काढतात, ती दिसायला छान पण आडवा पाऊस थेट काचेवर. सपाट स्लॅब टाकून वर पत्र्याची शेड घालण्यापेक्षा सुरुवातीलाच उतरतं छप्पर आणि मंगळुरी कौलं घेतलेली मला जास्त पटतात, आणि पागोळ्यांचं पाणी विहिरीकडे वळवायची सोय त्याच खर्चात होते.

९. शेवटचे कागद आणि शेवटचे पैसे

काम झालं की टीसीपीचं कम्प्लिशन, मग पंचायतीचं किंवा पालिकेचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट. मग घरपट्टीला नाव, आणि वीज-पाण्याचं तात्पुरतं कनेक्शन कायमचं करून घ्या, तात्पुरत्याचा दर जास्त असतो. वास्तुशांती आधी केली तरी चालेल, पण ऑक्युपन्सी आल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरचा ताबा देतानाचा हप्ता सोडू नका, कारण साईटवरची दुरुस्ती सांगितली तर ती त्यालाच करायची असते.

राखून ठेवलेले ५ टक्के पहिला पावसाळा पूर्ण जाईपर्यंत आपल्याकडेच ठेवा. जुलैत, चांगला मुसळधार पाऊस पडल्यावर, टॉर्च घेऊन फिरा. खिडक्यांचे खालचे कोपरे, बाथरूमच्या मागची भिंत, स्लॅब आणि भिंत मिळते ती रेघ, जिन्याचं डोकं, टाकीखालची जागा. ओल दिसेल तिथे खडूने खूण करा, तारखेसकट फोटो काढा आणि कॉन्ट्रॅक्टरला पाठवा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात त्याने ते नीट करून दिलं की त्याच दिवशी बाकीचे पैसे द्या आणि "पूर्ण आणि अंतिम" लिहिलेल्या पावतीवर सही घेऊन ती सनदेच्या फायलीत लावा.